विकलेल्या मालावर विक्रेत्याचा हात किती काळ?

मिरजेत सतार-तंबोरा घडविण्याची कला दीडशेहून अधिक वर्षे मुस्लिम कारागिरांच्या घराण्यांनी जपली आहे. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा कारागीर गिऱ्हाइकाने वाद्य आणून दिले तरच त्याची जवारी काढतो. 'नवी पद्धत आली' म्हणून रात्री गिऱ्हाइकाच्या घरात शिरून पडदे बदलत नाही. मोबाइल व संगणकाच्या धंद्यात मात्र हेच राजरोस चालते.

व्हिडिओ गेमचेच पाहा. पूर्वी कॅसेट विकत घेतली की खेळ आपला. दहा वर्षांनी लावला तरी तोच चालायचा. आता कंपनी नवी आवृत्ती काढते आणि ती घेतल्याशिवाय अनेक खेळ उघडतच नाहीत. जुन्या हँडसेटला ती पेलत नाही. गिऱ्हाईक कंपनीला कुठे गाठणार? ते सातारा-सांगलीच्या मोबाइल दुकानदाराशीच हुज्जत घालते. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकलेला 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरसह बंद केला. पैसे मोजून घेतलेल्या डिस्क निकामी झाल्या.

कंपन्या म्हणतात, सुरक्षेसाठी बदल आवश्यक आहेत. हे खरे आहे. बँकेच्या व्यवहाराचे ॲप जुने ठेवणे धोक्याचे. पण सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि चालता माल बिघडविणे वेगळे. अपडेटमुळे फोन मंदावले म्हणून इटलीने २०१८ साली ॲपलला १ कोटी व सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल माल विकताना 'ही मालकी नव्हे, केवळ परवाना आहे' असे स्पष्ट सांगावे लागते.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची तरतूद आहे. सबळ कारणाविना एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट त्यात मोडते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी यंत्र घेऊन स्वतः राबणारा कारागीरही या कायद्याने ग्राहक ठरतो. हे आपल्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.

सौदा उभयतांच्या रजामंदीने व्हावा, मालातील ऐब झाकू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. मग दुकानदारांनीच सुरुवात करावी. या हँडसेटला अपडेट किती वर्षे मिळणार, हे विकतानाच सांगावे व बिलावर लिहावे. हिशेबाचे किंवा भरतकामाच्या मशीनचे सॉफ्टवेअर घेताना ते कायमचे की वर्षाच्या भाड्याचे, हे आधी विचारावे. अपडेटपूर्वी वहीखात्याची नक्कल वेगळी ठेवावी. आणि सरकारकडे मागणी एकच : बदल नाकारण्याचा व जुनी आवृत्ती परत मिळविण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याला असावा. माल ज्याचा, मर्जी त्याची.