फॉर्म ७००वरच्या सह्या

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, आता नागपुरात राहतो. ८ ऑक्टोबरला, हवाई दल दिनाला, शाळांमध्ये बोलायला जातो. मुलांना अर्जन सिंग ठाऊक असतात, असायलाच हवेत. हरजिंदर सिंग हे नाव घेतलं की मात्र शिक्षकसुद्धा एकमेकांकडे बघतात. हे मला फार लागतं.

भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी, नंबर १ स्क्वाड्रन, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडला उभी राहिली. चार वापिती विमानं, बोटांवर मोजण्याइतके अधिकारी आणि ‘हवाई सिपाही’ म्हणून भरती झालेले तरुण. हरजिंदर त्यांच्यातलेच. लाहोरला इंजिनिअरिंग शिकलेला हा मुलगा साधा सिपाही म्हणून आला. भारतीयांना विमानाचं इंजिन जमणार नाही असं मानणारे गोरे तिथे कमी नव्हते. सरहद्दीवर, वझिरिस्तानात, याच सिपायांनी ती विमानं उडती ठेवली. मागच्या सीटवर बसून मशीनगनही चालवली.

१९४१ मध्ये स्क्वाड्रनला लायसँडर विमानं मिळाली. बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडाने बारा विमानं भेट दिली होती, म्हणजे आपल्या मुंबईचा पैसा त्यात होता. हे विमान मुळात सैन्याच्या मदतीसाठी, टेहळणीसाठी. फेब्रुवारी १९४२ मध्ये स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाँगूला पोचली आणि लगेच जपानी बॉम्बहल्ला झाला. स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी उलट वार करायचं ठरवलं. पण टेहळणीच्या विमानातून बॉम्ब टाकायचे कसे? हरजिंदर आणि त्यांच्या माणसांनी हाताशी होतं त्या सामानात जोडणी केली आणि अडीचशे पौंडांचे बॉम्ब लटकवले. मजुमदार थायलंडमधल्या मे हाँग सोनच्या जपानी तळावर हल्ला करून परतले. दुसऱ्या दिवशी अख्खी स्क्वाड्रन गेली.

मजुमदारांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं, आणि ते त्यांचं होतंच. तशा विमानातून शत्रूच्या तळावर जायला वाघाचं काळीज लागतं. पण ती जोडणी हवेत निसटली असती तर? रात्रभर तिच्याखाली पाठीवर पडून काम करणाऱ्यांची नावं किती जणांना माहीत आहेत?

प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, फॉर्म ७००. फिटर, रिगर, आर्मरर आपापलं काम तपासून तिच्यात सही करतात, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. त्या सहीसाठी माझाही हात थबकलेला आहे, कारण वर जाणारा माणूस माझ्या शब्दावर वर जातो. लढाईचा इतिहास लिहिताना मात्र या पानांवरची शेवटची सही तेवढी उरते. स्क्वाड्रनच्या कार्यालयात कमांडिंग ऑफिसरांच्या नावांचा फलक असतो. फिटरांचा मी कुठे पाहिला नाही.

हरजिंदर पुढे एअर व्हाइस मार्शल झाले, मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. त्या कमांडचं मुख्यालय आज इथे, नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. विमानांखाली राबलेल्या माणसांच्या आठवणी जमवायची सुरुवात तिथूनच व्हावी. १९७१ च्या युद्धात विमानांखाली उभे असलेले एअरमन आता सत्तरी ओलांडलेले आहेत. विदर्भात, साताऱ्यात, कोल्हापुरात गावोगाव आहेत. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थी पाठवून त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, मराठीतच, आणि त्या हवाई दलाच्या स्वाधीन कराव्यात. कुठल्या तळावर होता, कुठलं विमान, रात्री दिवे बंद असताना इंजिन कसं बदललंत, असं नेमकं विचारावं. आणि ज्यांच्या घरात आजोबांची हवाई दलाची ट्रंक आहे, त्यांनी त्यातले कागद रद्दीत घालण्याआधी या इतिहास विभागांना एकदा दाखवावेत.