शौचालय बांधले, पाणी कोण देणार?




शाळेत शौचालय आहे का, हे सरकार दरवर्षी विचारते. ‘युडायस’ या शालेय माहिती प्रणालीच्या रकान्यात मुख्याध्यापक ‘आहे’ असे भरतात, आणि ते खोटेही नसते. पण या माहितीचा संदर्भ दिवस 30 सप्टेंबर. तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीत पावसाळा सरत आलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळपाळीची होते आणि गावोगावचे हातपंप धापा टाकू लागतात, तेव्हा हा रकाना कुणी नव्याने भरून घेत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, शाळेत काय बांधले याची मोजणी पुरे झाली. ते आज वापरता येते का, हे मोजा आणि त्यासाठी लागणारा रोजचा खर्च द्या.

15 ऑगस्ट 2014 रोजी लाल किल्ल्यावरून वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र शौचालय देण्याची घोषणा झाली. सार्वजनिक उपक्रमांनी त्यासाठी बांधलेल्या शौचालयांची ‘कॅग’ने 15 राज्यांत पाहणी केली. 2020च्या त्या अहवालानुसार 72 टक्के शौचालयांत आत पाण्याची सोयच नव्हती आणि 30 टक्के वापरातच नव्हती. पाण्याविना शौचालयाला आठवडाभरात कुलूप लागते, हे सांगायला खरे तर ‘कॅग’ची गरज नव्हती.

आमच्या जंगलपट्ट्यात या कुलपाची किंमत इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे. पहिले कारण सिकलसेल या रक्तविकाराचे. त्याचे रुग्ण या भागात मोठ्या प्रमाणावर आहेत. अंगातले पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य ठणकतात. सिकलसेल असलेल्या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. त्यामुळे त्यांनी वारंवार पाणी प्यायला हवे आणि वारंवार लघवीलाही जायला हवे. आता जायला जागाच नाही म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणारी सातवीतली मुलगी डोळ्यांपुढे आणा. ती सिकलसेलची असेल, तर शाळेचे बंद शौचालय तिला थेट दवाखान्यात पोचवू शकते. आरोग्य विभाग सिकलसेलची तपासणी करतो, शिक्षण विभाग हजेरी घेतो. या दोहोंच्या मधली ही बाब कुणाच्याच कागदावर नाही.

दुसरे कारण वाघ-बिबट्याचे. सिंदेवाही, मूल, नागभीड, सावलीकडे शाळेमागच्या झुडपात लेकराला एकटे पाठवणे किती धोक्याचे आहे, हे तिथल्या पालकांना विचारा. तिसरे कारण पाळीचे. गडचिरोलीच्या काही गावांत आजही पाळीच्या दिवसांत मुलीला घराबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. त्या दिवसांत शाळेतही पाणी आणि आडोसा नसेल, तर तिच्यासाठी गाव आणि शाळा यांत फरक तो काय उरला?

मुलींच्या बाबतीत तर संशोधनही स्पष्ट आहे. शिकागो विद्यापीठाच्या अंजली अदुकिया यांनी भारतातील शालेय शौचालयांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध केला. कसलेही शौचालय झाले तरी लहान मुला-मुलींची पटनोंदणी वाढली. वयात येणाऱ्या मुलींची मात्र प्रामुख्याने स्वतंत्र शौचालय असेल तिथेच. परीक्षेचे गुण त्याने वाढले नाहीत, हेही त्यांनी नोंदवले आहे. म्हणजे शौचालय शिकवत नाही. शिकायला येणे शक्य करते.

पाणी आले म्हणजे ते चांगलेच असेल, असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कित्येक ठिकाणी भूजलात फ्लोराइड आहे. ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की दातांवर डाग पडतात, पुढे हाडांवर परिणाम होतो. पाणी उकळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून फ्लोराइड जात नाही; स्रोतच बदलावा लागतो किंवा ते काढणारे यंत्र बसवावे लागते.

शौचालय बंद का, असे विचारले की ‘पोरेच तोट्या तोडतात’, असे उत्तर हमखास मिळते. तोडतातही. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नाही, सफाई कामगार नाही. 30पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला जास्तीत जास्त 10 हजार रुपये अनुदान मिळते आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. 10 टक्के म्हणजे वर्षाला हजार रुपये, महिन्याला 83. एवढ्यात फिनाइल तरी किती दिवस पुरेल? ‘पट कमी, शाळा उद्या बंदच होणार, खर्च कशाला’, हा युक्तिवादही कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सुरक्षित पाणी आणि मुला-मुलींसाठी वेगळी शौचालये प्रत्येक शाळेला बंधनकारक केली आहेत. त्याला पटाची अट नाही.

पैसा नाही, हेही पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. अनुसूचित क्षेत्रातल्या पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. चंद्रपूरच्या कोळशातून आणि गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखनिजातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे रक्कम येते. पिण्याचे पाणी, स्वच्छता आणि शिक्षण हे तिचे प्राधान्याचे विषय आहेत. यातून इमारती उभ्या राहतात, कारण इमारतीचे उद्घाटन करता येते. सफाईच्या पगाराचे उद्घाटन होत नाही.

तेव्हा दोन्ही जिल्हा परिषदांकडे तीन मागण्या. दोन-तीन शाळांमागे एक मानधनावरचा सफाई कामगार नेमा आणि त्याचा खर्च खनिज निधीतून करा. टोल्यावर सौरपंपाची टाकी असेल तिथे तिची एक नळी शाळेपर्यंत आणा. दर एप्रिलमध्ये प्रत्येक शाळेची आणि आश्रमशाळेची पाणी-शौचालय तपासणी करून तिचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि पालकांनो, पुढच्या ग्रामसभेत ‘शौचालय आहे का’ असे विचारू नका. त्याची चावी कुणाकडे आहे आणि नळाला पाणी येते का, ते विचारा.

— एक पालक,
सिंदेवाही, जि. चंद्रपूर