कोणाकडे जायचंय?

भीतीचं एक बरं असतं. तिला पुरावा लागत नाही. कर्ज मागायला जा, दहा कागद दाखवावे लागतात. शाळेत मुलाचं नाव घालायला जा, जन्माच्या दाखल्यापासून सुरुवात होते. भीती मात्र नुसत्या ‘असं म्हणतात हं’ एवढ्या शिफारशीवर घरात शिरते आणि पाटावर बसून जेवते.

परवाचीच गोष्ट. आमच्या कन्यकेने (या सदराच्या वाचकांना तिची नव्याने ओळख करून द्यायला नको) स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, “शनिवारी रात्री मी मैत्रिणीकडे अभ्यासाला राहणार. वरळीला, बी. डी. डी.च्या नव्या इमारतीत.”

“नको,” मी म्हटलं. तव्यावरची पोळी उलटायच्या आत माझा नकार देऊन झाला होता.

“का?”

“रात्रीचं त्या बाजूला नको.”

“तू कधी गेली आहेस त्या बाजूला?”

खरी अडचण हीच, की मी गेले होते. ही मैत्रीण म्हणजे माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीची भाची. त्या घरात बसून मी चहा प्यायले होते. तरीही तोंडातून ‘नको’च आलं. माणसाच्या डोक्यात माहिती एका खोलीत राहते आणि भीती दुसऱ्या खोलीत. मधलं दार बहुधा बंदच असतं.

तसं पाहिलं तर मुंबईतल्या सरकारी घरांचा जन्मच भीतीच्या पोटी झाला. १८९६ साली शहरात प्लेग शिरला आणि दाट वस्त्यांतून तो आपल्या बंगल्यापर्यंत येईल, ही धास्ती बड्या लोकांच्या मनात बसली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला तो त्यातून. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं दोन खोल्यांत राहत होते. पुढे १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, शिवडी व आजचा ना. म. जोशी मार्ग इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याच्या मधून एक लांबलचक अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या, भक्कम. इतक्या भक्कम, की १९३०च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रही आत कोंडले. ज्या भिंती माणसांना सुखरूप ठेवायला बांधल्या, त्याच त्यांना डांबून ठेवायलाही चालल्या.

मी प्राध्यापिका म्हणून नवी होते, तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी मला बजावलं होतं, “संध्याकाळी चाळींच्या बाजूने जाऊ नका हं.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे माझ्यानंतर आलेल्या मुलींना मी तेच बजावत राहिले. शेजारणीकडची विरजणाची वाटी जशी घरोघर फिरते, तसा हा उपदेश फिरत होता. कोणाच्या घरचं दूध कधी नासलं होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

२००९ साली ही विद्यार्थिनी टायफॉइडने अंथरुणाला खिळली. परीक्षेच्या फॉर्मवर तिची सही हवी होती आणि दुसऱ्याच दिवशी मुदत संपत होती. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून पर्स छातीशी धरून मी निघाले. जिन्याशी एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. “कोणाकडे जायचंय?” पहिल्या मजल्यावर एका बाईंनी विचारलं, “कोणाकडे?” दुसऱ्या मजल्यावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी बॅट आडवी धरून तेच विचारलं. तिसऱ्या मजल्यावर विचारावंच लागलं नाही. मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती आणि तिची आई दारात उभी होती. बोळातली वीसही दारं उघडी होती. मला वाटलं, काय या चौकश्या! जाणाऱ्या-येणाऱ्याची नुसती उलटतपासणी!

सही झाली. तिच्या आईने चहा आणला. मी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी गच्च धरून बसले होते. कप पुढे आला आणि माझ्या लक्षात आलं, की कप घ्यायला मला हातच मोकळा नाही. क्षणभर, अगदी क्षणभरच, मी विचारात पडले. पण त्या घराला तेवढा क्षण पुरला. तापाने सुकलेली ती मुलगी अंथरुणावरून म्हणाली, “आई, बाईंचा कप खाली ठेव. त्यांना अवघडल्यासारखं होतंय.”

त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बरी होऊन ती वर्गात आली तेव्हा मी तिची माफी मागितली; म्हणजे माझ्या मते मागितली. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना माफीसुद्धा प्रस्तावनेशिवाय मागता येत नाही. चाळीतल्या आपुलकीवर मी पाच मिनिटं बोलले. उघडी दारं, एकोपा, सारं काही! तिने सारं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “बाई, आमची भीती वाटणारेही पुष्कळ भेटतात आणि आमचं कौतुक करणारेही. आम्हाला कशाची भीती वाटते, ते मात्र कोणी विचारत नाही.”

मग तिने सांगितलं. मजल्यावरचे संडास सामाईक. रात्री जायचं तर आईला उठवायचं, म्हणून संध्याकाळी आठनंतर ती पाणीच पीत नसे. पावसाळ्यात छताचा गिलावा पडे, म्हणून धाकट्या भावाचं अंथरूण भिंतीच्या कडेला. आणि तिची आजी सांगे त्या १९७४च्या जानेवारीतल्या आठवणी! वरळीत दलित पँथर आणि शिवसेना यांच्या माणसांत दंगल पेटली, दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या उडू लागल्या, तेव्हा हीच उघडी दारं बंद झाली होती आणि समोरची चाळ एकाएकी परकी झाली होती. “दार उघडं असलं म्हणजे भीती नसते, असं नाही, बाई,” ती म्हणाली. “कोणासाठी उघडं, ते महत्त्वाचं.” त्या दिवशी शिकवण्याचं काम तिने केलं.

मधल्या काळात पुनर्विकासाची चर्चा झाली, २०१७ साली भूमिपूजन झालं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, चाळीस मजली इमारत. त्याच इमारतींतल्या एका घरात शनिवारी रात्री आमच्या कन्यकेला जायचं होतं.

“जाऊ दे की,” आमचे ‘हे’ वर्तमानपत्राआडून म्हणाले. “कॅमेरे आहेत म्हणे तिथे.”

शेवटी मी स्वतः तिला पोचवायला गेले. फाटकाशी पहारेकऱ्याने वहीत नाव आणि नंबर लिहून घेतला, मान वर न करता. लिफ्टमध्ये कॅमेरा होता. वर पोचेपर्यंत तिघेजण चढले, तिघेजण उतरले. प्रत्येकाची नजर आपापल्या फोनवर. सत्ताविसाव्या मजल्यापर्यंत मला कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही, “कोणाकडे?” पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाने मी वैतागले होते, तो ऐकायला माझे कान आसुसले होते.

माझ्या विद्यार्थिनीची आई आता आजी झाली आहे. तिने आधी मला न्हाणीघर दाखवलं. देवघर दाखवावं तशा अभिमानाने. “हे एक सुख झालं हो, बाई. नात रात्री बिनघोर पाणी पिते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पण दिवसा कडी लावायची सवय होत नाही. पहिले चार दिवस मी दार उघडंच ठेवलं, वाऱ्याने ते धाडकन लागायचं. दाराला भिंग आहे, त्यातून बघते. माणूस दिसतं, पण तोंड वाकडं दिसतं. मी इथे पडले-झडले तर कळायचं कोणाला?”

मी काही तरी धीराचं बोलणार, तोच तिने विचारलं, “बाई, रागावू नका, एक विचारू? आमची पोरगी तुमच्याकडे अभ्यासाला येते, तेव्हा घरात कोण कोण असतं?”

मी चपापलेच. आमच्याकडे? आमच्या सोसायटीत?

“नाही, वाईट वाटून घेऊ नका,” ती घाईघाईने म्हणाली. “पण तुमच्याकडे पहिल्यापासून दारं बंद. आत काय चाललंय, बाहेर कळत नाही. पोरीची जात. मी पहिल्यांदा नकोच म्हणाले होते.”

मी नीट उत्तर दिलं. घरात कोण असतं, कधी असतं, शेजारी कोण राहतं, सगळं सांगितलं. शेजाऱ्यांचं नाव आठवायला मला थोडा वेळ लागला, हेही वाचकांपासून लपवत नाही. अकरा वर्षांत त्यांच्या दारावरची पाटीच काय ती मी वाचली होती. माझ्या आयुष्यात ‘कोणाकडे जायचंय?’ या प्रश्नाचं इतकं सविस्तर उत्तर मी प्रथमच दिलं असेन. म्हातारीचं समाधान झालेलं दिसलं.

आतल्या खोलीत पोरींचा अभ्यास, म्हणजे हसणं, सुरू झालं. चहा आला. माझ्या बशीत बिस्किटं जास्त होती. बोलता बोलता साडेआठ वाजले. निघताना पर्स सापडेना. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी आजींनीच ती पायपुसण्याजवळून उचलून दिली. चपला काढताना मी ती तिथेच ठेवली होती.