रात्री पाय झोपू का देत नाहीत?

दिवसभराची कामे उरकलेली असतात. ओटा पुसून झालेला असतो, दूध विरजलेले असते, सकाळच्या डब्याची भाजी निवडून ठेवलेली असते. आता कुठे पाठ टेकायची वेळ येते, आणि नेमके त्याच वेळी पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाजवळ, काहीतरी वळवळू लागते. दुखते म्हणावे तर दुखत नाही, आणि स्वस्थही पडवत नाही. पाय हलवला की क्षणभर बरे वाटते, थांबवला की पुन्हा तेच. शेवटी उठून घरात येरझारा घालाव्या लागतात. बाकीचे घर गाढ झोपलेले असते.

असा त्रास असणाऱ्या घरांत काही गोष्टी हटकून दिसतात. झोपताना पोटरीला घट्ट बांधलेली जुनी ओढणी किंवा पंचा. आजीचे पाय चेपायला बसवलेला नातू. आणि 'पाय हलवू नकोस, घरात दारिद्र्य येते' हा दटावणीचा सूर. खुर्चीवर बसून गुडघा नाचवण्याची सवय वेगळी आणि हा त्रास वेगळा, हे दटावणाऱ्याला ठाऊक नसते. सवय असलेल्या माणसाला आपला पाय हलतोय हे कळतही नाही. इथे मात्र पाय हलवल्यावाचून गत्यंतर नसते.

वैद्यकशास्त्रात याला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. आपण त्याला पायांची अस्वस्थता म्हणू. हा काही आजकालच्या धकाधकीने जन्माला घातलेला विकार नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस विलिस यांनी अंथरुणात पडताच हातापायांची तळमळ सुरू होणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे १९४५ साली स्वीडनचे डॉ. कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि आजचे नाव रूढ केले. म्हणून काही डॉक्टर याला एकबोमचा आजार असेही म्हणतात. युरोप-अमेरिकेत प्रौढांपैकी ५ ते १० टक्के लोकांना तो कमीअधिक प्रमाणात असतो. आपल्याकडे बंगळुरूतील एका पाहणीत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आढळले होते. प्रमाण कमी वाटले तरी नवा रायपूर आणि जुने रायपूर मिळून जेवढी वस्ती आहे, तिचे २ टक्के म्हणजे हजारो माणसे झाली. त्यांतल्या कितीजणांना आपल्या त्रासाला नाव आहे हे माहीत असेल?

नवा रायपूरचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. जुन्या शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आखून-रेखून वसवलेल्या या राजधानीत २०१२ साली मंत्रालय आले. कार्यालयांत दिवसभर बसणे, येता-जाताना पुन्हा बसमध्ये बसणे, संध्याकाळी टीव्हीपुढे बसणे, असा अनेकांचा दिनक्रम झाला. बसण्याने हा आजार होत नाही, पण असलेला त्रास बसल्यावर डोके वर काढतो. लांबलेली बैठक, सिनेमा, रायपूरहून नागपूरला जाणारी गाडी, जिथे जिथे पाय एका जागी ठेवावे लागतात तिथे तिथे तो छळतो.

रायपुरातल्या मराठी कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. पिढ्यान्पिढ्या छत्तीसगडात राहूनही घरात बोलली जाते ती मराठी, आणि डॉक्टरांशी बोलायचे ते हिंदीत. 'पाय शिवशिवतात' याला हिंदीत चटकन शब्द सापडत नाही. मग 'झुनझुनी' म्हटले जाते, आणि झुनझुनी म्हटले की डॉक्टरांच्या मनात मुंग्या येणे, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असे विचार येतात. 'दर्द' म्हटले की वेदनाशामक गोळी मिळते. म्हणून लक्षणाला नाव देत बसण्यापेक्षा चार गोष्टी सरळ सांगाव्यात. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते. बसल्यावर किंवा पडल्यावरच होते. चालले की कमी होते. आणि संध्याकाळनंतर वाढते. या चारही गोष्टी जुळल्या की निदानाचे बहुतेक काम झाले. यासाठी एक्स-रे किंवा महागड्या तपासण्यांची गरज नसते. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, तसे इथे होत नाही. मधुमेहाने नसा बिघडल्या असतील तर तळपायांची आग दिवसाही होते आणि चालून तिला उतार पडत नाही.

दहापैकी आठ रुग्णांना झोपेतही दर वीस-चाळीस सेकंदांनी पायाला झटके बसतात. रुग्णाला ते कळत नाहीत, शेजारी झोपलेल्याला मात्र चांगलेच कळतात. पतीने किंवा पत्नीने वेगळी खाट टाकली तर त्यामागे दुरावाच असतो असे नाही, कधीकधी नुसत्या लाथा असतात! पण वर्षानुवर्षे झोप मोडत राहिली की घरातले बोलणे तुटक होते, कामात चुका होतात, चिडचिड वाढते. मग त्याच चिडचिडीकडे बोट दाखवून 'हे सगळे मनाचे खेळ आहेत' असे ऐकवले जाते. आजाराने जेवढे होत नाही तेवढे खच्चीकरण या एका वाक्याने होते.

आता कारणाकडे वळू. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. शरीराच्या हालचालींवर त्याचे नियंत्रण असते, आणि ते तयार व्हायला लोह लागते. या आजारात मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडते असे आढळले आहे. विशेष म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन ठीक असतानाही असे होऊ शकते. आनुवंशिकतेचाही हात असतो. आईला किंवा मावशीला असाच त्रास होता का, हे विचारले तर पुष्कळदा होकार मिळतो. त्यांच्या वेळी 'तिचे पाय फार ओढतात' एवढ्यावर विषय संपला होता.

लोहाचा हा मुद्दा छत्तीसगडात फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) या राज्यातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ६१ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे रात्री पाय छळणाऱ्या स्त्रीची पहिली तपासणी कोणती, याचे उत्तर सोपे आहे : हिमोग्लोबिन आणि त्याच्याबरोबर फेरिटिन. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. हिमोग्लोबिन हातखर्चाचे पैसे असतील तर फेरिटिन ही बँकेतली शिल्लक.

या तपासणीत एक गफलत हमखास होते. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनची 'नॉर्मल' मर्यादा स्त्रियांसाठी साधारण १०-१५ पासून सुरू झालेली असते. अहवालात २२ आले की सगळे ठीक आहे असे समजून कागद कपाटात जातो. पण पायांच्या अस्वस्थतेसाठी हा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ रुग्णाचे फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करावा. म्हणजे कागदावर निरोगी ठरलेली बाई प्रत्यक्षात उपचाराला पात्र असते. रक्त सकाळी द्यावे, आधीचा किमान एक दिवस लोहाची गोळी घेऊ नये, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ही तपासणी टाळावी. त्या वेळी फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते.

लोहाची गोळी रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतली तर अंगी अधिक लागते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. किती व कशी घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवावे. सोबत लिंबू किंवा आवळा चालेल, चहा नको. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवय लोहाची निम्मी मेहनत वाया घालवते. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. गोळीने पोट बिघडत असेल किंवा साठा वाढतच नसेल तर शिरेतून लोह देता येते. ही कल्पनाही जुनीच, १९५३ साली स्वीडनमध्ये तिचा उपयोग करून पाहिला गेला होता.

एक इशारा मात्र इथे दिलाच पाहिजे. छत्तीसगडात आणि लगतच्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा घरांत किंवा थॅलेसेमिया असलेल्या घरांत रक्त कमी दिसले म्हणून मनानेच लोह सुरू करू नये. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात आधीच लोह साचलेले असते. आधी तपासणी, मग गोळी.

यानंतर घरातले औषधांचे खोके उघडून बघावे. झोप येत नाही म्हणून अनेकजण सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध घेतात. त्यातली अ‍ॅलर्जीरोधक द्रव्ये पायांचा त्रास वाढवतात. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारांवरची काही औषधे आणि नैराश्यावरच्या कित्येक गोळ्याही तेच करतात. म्हणजे झोप नाही म्हणून गोळी, गोळीने पाय अधिक अस्वस्थ, म्हणून पुन्हा झोप नाही! नैराश्याची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. ती बदलून मिळते का, एवढे डॉक्टरांना विचारावे. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी आणि पुरुषांनी (आणि हल्ली केवळ पुरुषांनीच नव्हे) रात्रीचा पेला काही आठवडे सोडून पाहावा.

एवढे करूनही झोप लागत नसेल तर औषधे आहेत, आणि ती गुण देतात. यांचीही एक कहाणी आहे. १९८२ साली तुर्कस्तानातील डॉ. अकपिनार यांनी कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाने पाय शांत होतात असे नोंदवले. त्यानंतर डोपामिनसारखे काम करणारी रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल ही औषधे आली. अमेरिकेत २००५ व २००६ साली त्यांना या आजारासाठी मान्यता मिळाली. पहिल्या काही रात्रींतच रुग्णाला गाढ झोप लागायची, जणू जादूच! पण काही वर्षांनी जादूचे दुसरे अंग दिसले. रात्री दहाला सुरू होणारा त्रास संध्याकाळी पाचला, मग दुपारी सुरू होऊ लागला. पायांपुरता होता तो हातांत आला. मात्रा वाढवली की चार दिवस बरे आणि पुन्हा अधिकच वाईट. औषधच आजाराला खतपाणी घालत होते. काही रुग्णांना तर जुगार, लॉटरी, भरमसाट खरेदी यांचा अनावर नाद लागला. घरच्यांनी याला स्वभावदोष ठरवले, पण तो गोळीचा परिणाम होता.

म्हणून आता तज्ज्ञांचा कल बदलला आहे. २०२५ च्या त्याच मार्गदर्शनात ही औषधे सरसकट वापरू नयेत असे म्हटले असून गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन यांना पसंती दिली आहे. ती संध्याकाळी किंवा झोपण्यापूर्वी थोड्या मात्रेने सुरू करतात. त्यांनी पायांची वळवळ शमते आणि झोपही सलग लागते. तोटे यांनाही आहेत : गरगरणे, सकाळी सुस्ती, वजन वाढणे, पावलांना सूज. वयस्कर माणसाने रात्री उठताना आधार धरावा. ज्यांची जुनी गोळी वर्षानुवर्षे चालू आहे त्यांनी हा लेख वाचून ती एकदम फेकून देऊ नये. अचानक बंद केली तर काही रात्री अक्षरशः नरकयातना होतात. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते. क्लोनाझेपामसारखी नुसती झोपेची गोळी झोप आणते, पण पायांवर तिचा फारसा इलाज नाही आणि सवय लागते ती वेगळीच.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचा वेगळा विचार करावा लागतो. गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा गावाचे नाव मूत्रपिंडविकारामुळे देशभर गेले. डायलिसिसवर असलेल्यांत पायांची अस्वस्थता खूप आढळते, आणि चार-चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे म्हणजे त्यांच्या हालांना पारावार नसतो. त्यांना वरील औषधे फारच कमी मात्रेत द्यावी लागतात, कारण ती शरीराबाहेर पडतात मूत्रपिंडावाटेच. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी अशा रुग्णाला देणे धोक्याचे आहे.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, साधारण पाचांपैकी एका स्त्रीला हा त्रास होतो. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचा तो जातो. तेवढ्या काळात लोह तपासून घेणे, कोमट पाण्याने पाय शेकणे, पोटऱ्या ताणण्याचे हलके व्यायाम आणि मालीश यांवर भागवावे. पाय चेपून देण्याचे काम घरातल्या पुरुषांनी करायला हरकत नसावी.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पंधरा रात्रींची नोंद वहीत करावी : त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळा उठावे लागले, दिवसभरात चहा किती झाला, कोणती गोळी घेतली. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे मिळतात, त्यांत ही वही बोलते. रायपुरात टाटीबंधच्या एम्समध्ये मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञांचा विभाग आहे. फेरिटिनचा अहवाल आधीच हातात असला तर एक फेरी वाचते. आणि नागपूरला रात्रीच्या गाडीने जायचे झाले तर तिकीट काढताना बाजूचा खालचा बर्थ मागावा, म्हणजे मधल्या वाटेवर उतरून फेऱ्या मारताना कुणाची झोपमोड होत नाही.