कायद्यातील ओळखीचे शब्द

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आपल्या समाजाला तोंडपाठ आहे. चारचौघांदेखत, अपमानित करण्याच्या हेतूने केलेला पाणउतारा हा गुन्हा आहे, हे वस्तीवरील अल्पशिक्षित माणूसही पोलीस ठाण्यात ठणकावून सांगतो. जवळपास तीच शब्दरचना आणि सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तीच शिक्षा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ मध्येही आहे, हे मात्र आपल्यातील किती पदवीधरांना ठाऊक आहे? आपल्याच घरातील लेकराला कोणी ‘लंगड्या’, ‘बहिऱ्या’ अशी हाक मारली की आपण मान खाली घालून पुढे जातो. गतजन्मीच्या पापाचे फळ ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात नाकारली. तरी असे मूल जन्मले की ‘काय पाप केले होते’ हा उद्गार आपल्या घरांतूनही ऐकू येतो.

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांचा उल्लेख आहे; अपंगत्वाचा नाही. ते अनुच्छेद ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत येते. १९९५ च्या कायद्याने सात प्रकार मानले होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ते एकवीस केले. सिकलसेलही त्यांत आहे. (‘दिव्यांग’ या शब्दाचे मला विशेष कौतुक नाही. पायरी चढता येत नसलेल्यास दिव्यत्व नको, उतार हवा असतो.)

हक्क मागण्याची वाट प्रमाणपत्रापासून सुरू होते. जिल्हा रुग्णालय तर आपल्या चिकलठाण्यातच, ‘मिनी घाटी’ या नावाने, उभे आहे. टक्केवारी मात्र अंतिम शब्द नव्हे. वाचादोष चाळीस टक्क्यांहून अधिक म्हणून महाराष्ट्रातील ओंकार गोंड हा विद्यार्थी एमबीबीएस प्रवेशास अपात्र ठरला होता. न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले की केवळ आकड्यावरून कोणाला डावलता येणार नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची क्षमता तपासावी लागेल.

शाळेने वा कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी मागावा. तोंडी नकाराचा पुरावा उरत नाही, आणि नाकारणाऱ्यास हे चांगले कळते. सरकारी नोकरीतील भेदभावाबाबत कलम २३ नुसार त्या आस्थापनेतील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येते. नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावयास हवी. त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. साक्षीदारांना बोलावण्याचे, कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अपंग व्यक्तीस, तसेच अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

कलम १६ शासनमान्य शाळांनाही लागू आहे. भेदभावाविना प्रवेश आणि वापरता येईल अशी इमारत, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. आपल्यासारख्या निवासी शाळेत वर्ग सुगम असून भागत नाही. भोजनगृह, स्नानगृह आणि रात्रीचे शौचालयही तसेच हवे. माजी विद्यार्थी कमानीसाठी वर्गणी हौसेने देतात. यंदाच्या मेळाव्यात आपल्यातील अभियंत्यांनी वसतिगृहाची मोजमापे घ्यावीत आणि पहिली वर्गणी तेथील उतारासाठी व कमोडसाठी काढावी, असा माझा प्रस्ताव आहे.