विश्लेषण : गाड्या पुलावरून गेल्या, लाखनीत थांबायचे कशासाठी?

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या गाड्यांना आता लाखनीत शिरावे लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या उड्डाणपुलावरून त्या थेट साकोलीकडे निघतात. कोंडी टाळायला पूल हवाच होता. पण वाटेत चहा-नाश्त्याला थांबू शकणारा प्रवासीही त्याच पुलावरून निघून जातो. अशा गावांनी करायचे काय?

जपानचा अनुभव काय?

२०२४ मध्ये जपानला सुमारे ३ कोटी ६९ लाख परदेशी पाहुणे आले. गर्दी झाली ती मुख्यतः टोकियो, क्योतो आणि ओसाकात. शिकोकू बेटावरचे ताकामात्सु त्यामानाने शांत. तिथे रित्सुरिन ही देखणी बाग आहे, पण शहराची खरी ओळख आहे उडोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. कामावर जाणारी माणसे सकाळी उभ्या-उभ्या खातात तोच साधा पदार्थ. कागावा प्रांताने २०११ पासून ‘उडोन प्रांत’ अशीच स्वतःची जाहिरात केली. आज लोक त्या वाडग्यासाठी वाट वाकडी करतात.

रस्त्यावरची स्थानके

दुसरा धडा ‘मिचि-नो-एकी’चा, म्हणजे रस्त्यावरच्या स्थानकांचा. १९९३ पासून अधिकृतपणे सुरू झालेली ही स्थानके आता १,२०० च्या वर आहेत. २४ तास मोफत पार्किंग, स्वच्छतागृह आणि परिसराची माहिती ही किमान अट. शेजारच्या दुकानात गावचाच भाजीपाला, तांदूळ, लोणची. अनेकदा पिशवीवर शेतकऱ्याचे नावही असते.

लाखनीकडे काय आहे?

भंडाऱ्याच्या सुगंधी चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. त्यामुळे पर्यटकांची वाट इथूनच जाते. सांगण्यासारखे आहे, ते सांगणारी जागा नाही.

ती उभारायला मोठा प्रकल्प नको. पुलाच्या तोंडाशी ठळक पाटी, महिलांना निर्धास्तपणे वापरता येईल असे स्वच्छतागृह, बचत गटाच्या हातचे गरम जेवण आणि चिन्नोरची एक किलोची पिशवी एवढ्याने सुरुवात होते. अट एकच : गाळे बाहेरच्या ठेकेदाराला न जाता शेतकरी व बचत गटांकडेच राहावेत. नाहीतर महामार्गावरच्या शंभर ढाब्यांत आणखी एकाची भर पडेल, आणि लाखनी पुलाखालीच राहील.