वेदनेला कक्ष कोणता?

संभाजीनगरातील छावणीचा गुरुवारचा बाजार सर्वांच्या परिचयाचा. अशा बाजारांत टाळी वाजवीत आलेल्या तृतीयपंथीयाच्या हातावर आपण नाणे ठेवतो, घरी बाळ जन्मले की त्याचा आशीर्वादही घेतो. परंतु तोच मनुष्य तापाने फणफणून रुग्णालयाच्या दारी उभा राहिला, की पहिला प्रश्न निघतो : याला पुरुषांच्या कक्षात ठेवायचे की स्त्रियांच्या? केसपेपरवरचे जुने नाव मोठ्याने पुकारले जाते, रांगेत हशा पिकतो आणि रुग्ण माघारी फिरतो. पुढे त्याची गाठ पडते ती भोंदू वैदूशी.

वस्तुतः हा घटक आपल्याला परका नाही. अर्धनारीनटेश्वराला पूजणारा, बृहन्नडेच्या हाती राजकन्येचे शिक्षण सोपविणाऱ्या विराटाची कथा सांगणारा हा समाज. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर भारतात या लोकांची पोलिसी नोंद सुरू केली ती इंग्रजांनी. मात्र इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. आजच्या हशाचे खापर त्यांच्या माथी फोडून आपली सुटका होणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या स्वतंत्र ओळखीस मान्यता दिली. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावास मनाई केली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेत त्यांच्यासाठी वार्षिक पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा करार झाला. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली त्यांच्यासाठी ३० खाटांचा कक्ष उघडला. त्याच वर्षी जानेवारीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी, ही मंडळी समाजात पूर्वापार आहेत व त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, असे मुलाखतीत स्पष्टपणे सांगितले.

तरीही स्वतंत्र कक्ष प्रत्येक गावी उभा राहणे कठीण. शिवाय कायमचे वेगळेपण हे समरसतेचे उद्दिष्टही नव्हे. ज्याला खर्च नाही ते तर आजच करता येईल. नाव विचारून त्याच नावाने हाक मारावी. तपासणी पडद्याआड व्हावी. रुग्णाला एड्स असणारच, हे गृहीत धरू नये. रांगेत कोणी हसला, तर शेजारच्याने त्याला थांबवावे. सेवाकार्यातील कार्यकर्त्याने अशा रुग्णासोबत घाटीच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत एकदा चालत जावे. पुष्कळ गोष्टी आपोआप ध्यानी येतील.

ज्याच्या आशीर्वादावर आपला विश्वास आहे, त्याच्या नाडीला हात लावताना संकोच कसला? हिंदू समाज एक कुटुंब आहे, असे आपण म्हणतो. कुटुंबातला आजारी मनुष्य दाराबाहेर ठेवला जात नाही.